दापुऱ्याचा डेबूजी: पायी हिंडला, पाहिलं तेच कीर्तनात सांगितलं

मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाची ढोरं वळणारा एक पोरगा होता. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, गाव शेंडगाव, तालुका अंजनगाव सुर्जी. जात परीट. बाप दारूपायी गेला, म्हणून आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी आली. हाच डेबूजी पुढे गाडगेबाबा झाला.

शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नाही. पण नांगर, वखर, पेरणी या कामात कोणी हात धरणार नाही असा गडी. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात अडकली. कागदावर काय लिहिलं आहे हे घरात कोणाला वाचता येत नव्हतं, तिथंच घात झाला. मामाही त्यातच खचून गेला. बाबांच्या कीर्तनात सावकार, अंगठा आणि पोरांची शाळा हे तीन विषय जन्मभर का येत राहिले, ते इथं समजते.

मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणं दारू-मटणाचं जेवण द्यायचं होतं. डेबूजीनं गोडाची पंगत वाढली. जातभाई नाराज झाले, तरी तो मागं हटला नाही.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यानं घर सोडलं. वय २९ पूर्ण व्हायला काही दिवस बाकी. घरात म्हातारी आई, बायको कुंताबाई आणि लेकरं. अंगावर चिंध्या शिवलेलं वस्त्र, हातात खराटा आणि मातीचं फुटकं गाडगं. त्याच गाडग्यात भाकर घ्यायची, त्यातच पाणी प्यायचं. लोकांनी त्यावरूनच नाव पाडलं.

रेल्वे तेव्हाही होती. मुंबई-नागपूर गाडी १८६७ पासून अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून धावत होती. पण रेल्वे कापसाच्या गाठी नेणाऱ्या बाजारांना जोडत होती, पूर्णेकाठची खेडी तिच्या वाटेवर नव्हती. बाबा पायवाटेनं निघाले. आपल्याकडची काळी जमीन ज्यानं पायी तुडवली त्याला ठाऊक आहे, पावसाळ्यात पायाला किलोभर चिखल चिकटतो आणि उन्हाळ्यात भेगांत टाच अडकते. त्यात खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. असं हिंडणं म्हणजे काही हौसेची सहल नव्हती. तरी त्यात त्यांना गोडी लागली असणार, नाहीतर माणूस पन्नास वर्षं हिंडत नाही.

वाटेत कोणाचा गंज रचायचा राहिला असला, कोणाची गाडी रुतली असली, की हे न बोलावता हात लावत. काम झालं की भाकरीचा तुकडा घेऊन पुढं. नाव सांगायचं नाही, मुक्काम सांगायचा नाही. कोणी वेडा समजे, कोणी भिकारी. गावात शिरले की पहिलं काम खराट्याचं: रस्ता, गटार, देवळासमोरची जागा. झाडता झाडता गाव दिसत जाई. दारूचं दुकान कुठं, पाण्याजवळ घाण कोणाची, देवाला बकरं कोण कापतो, कोणाला विहिरीवर चढू देत नाहीत.

रात्री कीर्तनाला तेच सगळं बाहेर येई. सकाळी ज्याला हाकललं तोच झाडूवाला कीर्तनाला उभा आहे हे पाहून अनेकांच्या माना खाली जात. पोथी नाही, संस्कृत नाही. अस्सल वऱ्हाडी बोली, आणि समोरच्या माणसाला सरळ सवाल. उत्तर लोकांनीच द्यायचं. लोक हसत हसत उत्तर देत आणि आपल्याच उत्तरात सापडत. कर्ज काढून तेरवी घालणारा, पोराला शाळेत न घालणारा, सगळे त्या गोष्टीत असत. कथाकार म्हणून बाबांचं मोठेपण इथं आहे, आणि त्याकडं फारसं लक्ष जात नाही. खराट्याचा फोटो सगळे लावतात.

परतवाड्यात १९१६ साली जन्मलेले गो. नी. दांडेकर लहानपणी घर सोडून निघाले, ते काही काळ बाबांसोबत राहिले. पुढं त्यांनी बाबांचं चरित्र लिहिलं, आणि नर्मदा परिक्रमा केली, किल्ले पायी पालथे घातले.

पायी चालणाऱ्याला रात्री पाठ टेकायला जागा लागते. बाबांनी धर्मशाळा बांधल्या त्या याच माणसांसाठी. भातकुली तालुक्यातल्या ऋणमोचनला पूर्णेच्या काठावर यात्रेकरू चिखलात घसरून पडत. तिथं आधी स्वतः माती-रेती टाकून वाट केली, मग लोकवर्गणीतून घाट झाला. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली, कारण अस्पृश्य वारकऱ्याला कोणी ओसरी देत नव्हतं. ती पुढं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेला दिली. नाशिक, आळंदी, देहू, मुंबईत इस्पितळातल्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी, असं काम वाढत गेलं.

या इमारतींवर स्वतःचा किंवा घरच्यांचा हक्क त्यांनी ठेवला नाही. लोक याचं कौतुक करतात, आणि ते खरंही आहे. पण कुंताबाईच्या बाजूनंही पाहिलं पाहिजे. लाखाच्या धर्मशाळा बांधणाऱ्याची बायको झोपडीत राहून कष्टाचं खात होती. १९२३ मध्ये मुलगा गोविंदा वारला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. निरोप आला, कीर्तन थांबलं नाही. यात्रेकरूंना ओसरी मिळाली, आणि त्याची किंमत त्या बाईनंही मोजली. तिच्या नावाचा फलक मात्र क्वचितच दिसतो.

उतारवयात मोटार आली, पाय थकले. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात शेवटचं कीर्तन झालं. ते टेपवर घेतलेलं आहे, मोबाईलवर ऐकायला मिळते. आवाज थकलेला, पण सवाल विचारायची ढब तीच.

६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, आजारी बाबांना गाडीतून अमरावतीकडं नेत होते. वलगावला पेढी नदीच्या पुलावर, रस्त्यातच प्राण गेला. समाधी अमरावतीत आहे, त्या भागाला आता गाडगेनगर म्हणतात.