होम जिमसाठी डंबेल घेताय? आधी औंधच्या राजाची गोष्ट वाचा



मागच्या महिन्यात माझ्या शॉपिंग अ‍ॅपच्या कार्टमध्ये तीन वस्तू पडून होत्या. २० किलोचा डंबेल सेट, एक बेंच आणि दाराला अडकवायचा पुल-अप बार. सगळं मिळून सहा हजारांच्या वर जात होतं. आम्ही राहतो पोखर्णीत, परभणी जिल्ह्यातलं नृसिंहाच्या देवळाचं गाव. चांगल्या जिमला जायचं म्हटलं की परभणी गाठावी लागते. धाकटी बहीण पोलीस भरतीची तयारी करतेय आणि स्क्रीनसमोर बसून बसून माझं पोट सुटलंय. म्हटलं, दोघांसाठी घरातच जिम करून टाकू.

हप्त्याचं बटण दाबणार तेवढ्यात मनात आलं, की ही साधनं माणूस किती दिवस वापरतो? आमच्याच गल्लीत एका घरी डंबेलचा रॉड पडदा अडकवायला लावलाय. मग मी वाचायला बसलो आणि एक भारी माणूस सापडला. ज्यानं १८९७ साली परदेशी पद्धतीची व्यायामाची साधनं विकत घेतली आणि ती खरोखर दहा वर्षं वापरली. आज त्याचीच गोष्ट.

कोण होते हे?

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणायचे. जन्म २४ ऑक्टोबर १८६८. औंध हे साताऱ्याकडचं छोटं संस्थान, त्याचे ते राजपुत्र आणि पुढे १९०९ पासून राजे. संस्थानात ७२ गावं, तीही एका जागी नाहीत, तुकड्यातुकड्यांत विखुरलेली.

बाळासाहेब बी.ए. झालेले होते. स्वतः चित्रं काढायचे. त्यांचं चित्ररामायण १९१६ साली छापून आलं. औंधच्या टेकडीवरचं श्री भवानी संग्रहालय त्यांनीच उभं केलं. थोडक्यात, हा तालमीतला पैलवान नव्हता. शिकलेला, हौशी, नवीन गोष्ट दिसली की करून बघणारा माणूस होता. आपल्यासारखाच म्हणा ना, फक्त संस्थान सोडून!

त्या काळची होम जिम: सँडो

तुम्ही घालता ती सँडो बनियन माहितीये? ते नाव एका खऱ्या माणसाचं आहे. युजेन सँडो, जन्म १८६७, प्रशियातला. भरलेल्या शरीराचं प्रदर्शन करून तो युरोप-अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि मग त्यानं त्याचा धंदा केला. पुस्तकं, मासिक, तक्ते, साधनं, टपालानं शिकवणी. आजचे फिटनेस इन्फ्लुएन्सर जे करतात ते त्यानं सव्वाशे वर्षांपूर्वी पोस्टानं केलं. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला.

त्याच्या नावानं विकली जाणारी दोन साधनं समजून घ्या, कारण तीच आज वेगळ्या नावानं आपल्या कार्टमध्ये येतात.

पहिलं, स्प्रिंगचं डंबेल. त्याची मूठ उभी चिरून दोन भाग केलेले असत आणि मध्ये स्प्रिंगा. व्यायाम करताना दोन्ही भाग दाबून एकत्र धरायचे. ताकद वाढली की स्प्रिंगांची संख्या वाढवायची. म्हणजे वजन तेच, पण अडथळा वाढत जातो.

दुसरं, भिंतीला किंवा दाराला अडकवायच्या रबरी दोऱ्या. ओढाल तितका ताण जास्त. आज आपण त्याला रेझिस्टन्स बँड म्हणतो.

दोन्हींमागचं तत्त्व एकच: स्नायूला आज जेवढं झेपतं त्यापेक्षा किंचित जास्त द्यायचं, मग विश्रांती, मग परत किंचित जास्त. जिम महागडी असो की घरगुती, याच्या पलीकडे त्यात फार काही नसतं.

दहा वर्षं आणि मग वळण

बाळासाहेबांनी १८९७ मध्ये सँडोची साधनं आणि पुस्तकं घेतली, तेव्हा ते तिशीच्या आत होते. आता गोष्टीतला महत्त्वाचा भाग. त्यांची साधनं कोपऱ्यात पडली नाहीत. त्यांनी दहा वर्षं नेमानं तो व्यायाम केला. ‘बाहेरचं सगळं वाईट’ असं म्हणणारे ते नव्हतेच. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ कारखान्यासाठी देणारे राजे हेच. त्याच माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. यंत्रांशी त्यांचं वैर असतं तर असं झालं नसतं.

तरीही १९०८ च्या सुमारास, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी व्यायाम बदलला. मिरजेच्या अधिपतींनी त्यांना सूर्यनमस्कार घालायला सुचवलं. त्यांनी सुरू केले आणि आयुष्यभर सोडले नाहीत.

इथे एक गैरसमज दूर करू. सूर्यनमस्कार बाळासाहेबांनीच शोधले, असं इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं. तसं नाही. महाराष्ट्रात नमस्कार घालायची चाल आधीपासून होती. त्यांनी त्याला पक्की पद्धत दिली: एका नमस्काराच्या दहा अवस्था, प्रत्येकीत श्वास कसा घ्यायचा, मंत्र कुठला म्हणायचा. आज आपण बहुतेक ठिकाणी बारा अवस्था मोजतो, त्यांची मोजणी दहाची होती. मंत्रोच्चारानं शरीरावर खास परिणाम होतो असं ते मानायचे. ते बाजूला ठेवलं तरी साधा फायदा दिसतोच: मंत्र म्हणताना घाई होत नाही, श्वास लांबतो आणि आकडा चुकत नाही.

त्यांनी साधनं का सोडली असतील? माझा अंदाज सांगतो. विखुरलेल्या संस्थानात राजाला फिरावं लागतं. स्प्रिंगा आणि दोऱ्या प्रत्येक मुक्कामी कुठे न्यायच्या? नमस्काराला मात्र अंगाएवढी जागा पुरते.

सतरंजीवरून लंडनपर्यंत

पुढे त्यांनी सूर्यनमस्कारावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं, चित्रांसह. १९३६ साली ते इंग्लंडला गेले तेव्हा वयाची ६८ वर्षं होत आली होती. तिथे लुईज मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्या व्यायामाची दखल घेतली आणि १९३८ मध्ये लंडनला त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. नावातच ‘आरोग्याचा दहा टप्प्यांचा मार्ग’ असा अर्थ. गंमत बघा: ज्या लंडनमध्ये सँडोनं आपली व्यायामशाळा थाटली होती, तिथेच त्याचा एक जुना शिष्य ‘साधनं नकोत’ असं सांगणारं पुस्तक घेऊन पोचला.

घरी तर त्यांनी शाळांमधून सूर्यनमस्कार सक्तीचे केले, मुलांना आणि मुलींनाही. राजवाड्यातल्या बायकाही घालायच्या. हे मला दोन्ही बाजूंनी विचार करायला लावतं. सक्ती मला पटत नाही. सक्तीचा पी.टी.चा तास आपण सगळ्यांनी टाळलाय. पण त्या काळात मुलींच्या व्यायामाचा विचार किती जण करत होते? आमच्याकडे आजही तालमीत मुलगी गेली तर लोक वळून बघतात. बहिणीला घरातच व्यायामाची सोय का हवी, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

आणि सक्ती करणाऱ्या याच राजानं १९३९ साली स्वतःची सत्ता सोडली. गांधीजींच्या सल्ल्यानं औंधची नवी राज्यघटना झाली आणि कारभार गावपंचायतींकडे व लोकांच्या प्रतिनिधींकडे गेला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहतही त्याच सुमारास सुरू झाली. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाची प्रेरणा तिथलीच. १३ एप्रिल १९५१ ला, ८२ व्या वर्षी, बाळासाहेब गेले.

मग आपण काय घ्यायचं?

आता मोबाइलवाल्यांच्या कामाचं. सूर्यनमस्कारात दंडाच्या अवस्थेत हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार येतो. वजन ६० किलो असेल तर हातांवर जवळपास ४० किलो. म्हणजे २० किलोचा डंबेल सेट यायच्या आधीच त्याच्या दुप्पट वजन आपल्याकडे फुकट आहे.

पण एक उणीव आहे, ती लपवायची नाही. सूर्यनमस्कारात ढकलणं, वाकणं, ताणणं सगळं येतं, ‘ओढणं’ जवळजवळ येत नाही. पाठीच्या वरच्या भागाला आणि दंडाच्या पुढच्या बाजूला काम कमी मिळतं. त्यासाठी सँडोची रबरी दोरी कामाची. म्हणून नवशिक्यानं क्रम असा ठेवावा:

१. पहिला महिना काहीच विकत घेऊ नका. सतरंजी, माणूस लांब झोपेल एवढी जागा आणि ठरलेली वेळ. सुरुवात पाच-सहा नमस्कारांनी, दर आठवड्याला दोन-तीन वाढवा.

२. फोन आडवा, कमरेच्या उंचीवर, बाजूला ठेवून व्हिडिओ काढा आणि स्लो मोशनमध्ये बघा. कंबर खाली लोंबते का, मान आखडते का, लगेच दिसतं. मोफत कोच!

३. महिनाभर नेम टिकला तर एक रेझिस्टन्स बँड घ्या. दार आपल्या बाजूला उघडत नाही ना, हे बघून मगच अडकवा. नाहीतर दार उघडेल आणि तुम्ही मागे आपटाल.

४. डंबेल आणि बेंच सर्वांत शेवटी.

मनगट, कंबर किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि भरतीची तयारी असेल तर लक्षात ठेवा, मुलींना ८०० मीटर धावणं आणि ४ किलोचा गोळा असतो. नमस्कारानं पाया पक्का होईल, पण धावायचं रस्त्यावरच आणि गोळा फेकायचा मैदानावरच.

आमचं काय झालं? कार्टमधला पुल-अप बार काढून टाकला, कारण आमच्या दाराची चौकट तेवढी मजबूत नाही. कॅलेंडरवर रोज फुली मारतो. आज माझ्या १९ फुल्या झाल्यात, बहिणीच्या २४. माझे पाच दिवस कुठे गेले ते ती रोज विचारते. डंबेल सेट आणि बेंच अजून कार्टमध्येच आहेत. बाळासाहेबांनी दहा वर्षं वापरून मग साधनं सोडली. मी निदान तीस फुल्या तरी पूर्ण करतो, मग ते बटण दाबायचं की नाही ते ठरवू.