गरिबांचे जिने चढणारा प्राध्यापक : धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम

आपल्या देवालयाच्या दारापाशीं जी लहानशी दानपेटी आहे, तिच्यावर संत व्हिन्सेंट डी पॉल यांचें नांव आहे. त्या पेटींतील पैसे मोजून, कोणाच्या घरीं तांदूळ पोंचवावयाचे, कोणाच्या मुलाची फी भरावयाची, कोणत्या विधवेचें छप्पर पावसाळ्यापूर्वीं नीट करावयाचें, याचा विचार करण्यासाठीं जी मंडळी जमते तिला आपण कॉन्फरन्स म्हणतों. नांवावरून पुष्कळांची अशी समजूत झालेली आहे कीं, ही संस्था संत व्हिन्सेंट यांनींच स्थापिली. परंतु तो थोर धर्मगुरु १६६० सालीं परलोकवासी झाला, आणि ही संस्था त्यानंतर १७३ वर्षांनीं पॅरिस शहरांत जन्मास आली. तिच्या जन्मास जे कारण झाले, त्यांतील प्रमुख पुरुष धर्मगुरु नव्हता, श्रीमंत नव्हता, वयानेंहि मोठा नव्हता. तो वीस वर्षांचा, कायदा शिकणारा एक विद्यार्थी होता. संस्थेचें नांव आपण दर रविवारीं ऐकतों, पण त्या विद्यार्थ्याचें नांव आपल्या घरांतून क्वचितच निघतें. म्हणून ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत त्याचें अल्प चरित्र वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फ्रेडरिक ओझानाम यांचा जन्म ता. २३ एप्रिल १८१३ रोजीं इटलींतील मिलान शहरीं झाला. कुटुंब फ्रेंच होतें. वडील प्रथम नेपोलियनच्या सैन्यांत होते व पुढें वैद्यकी शिकून डॉक्टर झाले. मिलान ऑस्ट्रियाच्या सत्तेखालीं गेल्यावर १८१६ सालीं हें कुटुंब फ्रान्समधील लिओं शहरीं परतलें. मातापित्यांस चौदा अपत्यें झालीं, पण त्यांतील तीन मुलगेच काय ते वाढले. वडील मुलगा धर्मगुरु झाला, धाकटा डॉक्टर झाला, आणि मधला तो आपला फ्रेडरिक.

हीं पतिपत्नी गरिबांच्या सेवेंत एकमेकांस हार जाणारीं नव्हतीं. लिओं येथील गरीब लोक उंच इमारतींच्या अगदीं वरच्या मजल्यांवर राहत, कारण तेथें भाडें कमी पडे. वय वाढूं लागलें तेव्हां दोघांनीं एकमेकांपासून वचन घेतलें कीं, आतां चौथ्या मजल्याच्या वर चढावयाचें नाहीं. पुढें एके दिवशीं डॉक्टरसाहेब वचन मोडून एका रोग्यासाठीं वरच्या मजल्यावर गेले, तों तेथें त्यांची पत्नी आधींच येऊन बसलेली! ही हकीकत चरित्रकार मोठ्या कौतुकानें सांगतात. १८३७ सालीं असेच एका गरीब रोग्यास पाहावयास गेले असतां जिन्यावरून पडून डॉक्टर ओझानाम यांचा अंत झाला. मुलाच्या चरित्रांत जे जिने पुढें येतात, त्यांची ओळख त्यास अशी घरींच झाली होती.

शाळेंत फ्रेडरिक हुशार निघाला. परंतु पंधराव्या-सोळाव्या वर्षीं त्याच्या श्रद्धेस जबर हादरा बसला. देव आहे कीं नाहीं, जें शिकविलें गेलें तें खरें कीं खोटें, या विचारांनीं त्याची झोप उडाली. सत्पुरुषांचीं चरित्रें सांगतांना असा भाग गाळण्याची चाल आपल्याकडे आहे; आम्ही तो मुद्दाम ठेवीत आहों. ज्यास शंका कधीं शिवलीच नाहीं, त्यास दुसऱ्याच्या शंकेचें उत्तर देणें कठीण जातें. फ्रेडरिकनें देवापाशीं नवस केला कीं, सत्याचें दर्शन झालें तर तें जगापुढें मांडण्यांत आपलें आयुष्य वेंचावें. न्वारो नांवाच्या धर्मगुरूंकडे तो तत्त्वज्ञान शिकत असे. त्यांनीं त्यास रागें न भरतां शहराबाहेर लांबवर फिरावयास नेऊन, बोलत बोलत सांवरलें. तें वादळ पुन्हां आलें नाहीं.

१८३१ च्या अखेरीस अठरा वर्षांचा फ्रेडरिक कायद्याच्या अभ्यासासाठीं पॅरिसला गेला. घरची आठवण येऊन तो कासावीस होई. सुदैवानें त्यास आंद्रे-मारी अँपिअर यांच्या घरीं बिऱ्हाड मिळालें. विजेचा प्रवाह ज्या मापानें मोजतात त्या मापास ज्यांचें नांव दिलेलें आहे, तेच हे शास्त्रज्ञ. एकदां फ्रेडरिक सहज एका देवालयांत शिरला असतां, युरोपांत गाजलेला हा वृद्ध विद्वान् कोपऱ्यांत गुडघे टेकून जपमाळ करीत असलेला त्यानें पाहिला. विद्येनें श्रद्धा जाते असें म्हणणाऱ्या सोबत्यांच्या शंभर व्याख्यानांपेक्षां तें एक दृश्य त्याच्या मनावर अधिक ठसलें.

त्या काळीं पॅरिसच्या विद्यापीठांत ख्रिस्तसभेची टर उडविणें हें विद्वत्तेचें लक्षण समजलें जाई. कांहीं तरुणांनीं बेली नांवाच्या एका सज्जन संपादकाच्या आश्रयानें इतिहासाची चर्चा करणारी एक सभा चालविली होती. तिला ते कॉन्फरन्स म्हणत. आपल्या कॉन्फरन्सचें नांव तेथून आलेलें आहे. तेथें सर्व मतांचे विद्यार्थी येत. सें-सिमों या विचारवंताच्या पंथांतील एका तरुणानें एके दिवशीं असा आक्षेप घेतला कीं, ख्रिस्ती धर्मानें पूर्वीं मोठीं कामें केलीं हें कबूल, पण आज तो मेलेला आहे. गरिबांसाठीं आज तुम्ही काय करतां तें दाखवा. या आधींच्याच वर्षीं, म्हणजे १८३२ सालीं, पॅरिसांत पटकीची सांथ येऊन सुमारें १८ हजार माणसें दगावलीं होतीं, व विधवा आणि पोरकीं मुलें यांनीं गल्ल्या भरल्या होत्या. वादांत फ्रेडरिक कधीं हार जात नसे. पण या प्रश्नास त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि तें नाहीं हें ओळखण्याचा प्रामाणिकपणा त्याच्यापाशीं होता.

ता. २३ एप्रिल १८३३ रोजीं, म्हणजे फ्रेडरिकच्या विसाव्या वाढदिवशीं, बेली यांच्या वर्तमानपत्राच्या कचेरींत ओझानाम, ल तायांदिए, लामाश, लालिए, देवो आणि क्लावे हे सहा विद्यार्थी जमले. स्वतः बेली सातवे. त्यांस अध्यक्ष केलें. प्रार्थना करून त्यांनीं ठरविलें कीं, वाद पुरे, आतां गरिबांच्या घरीं जावें.

परंतु जावें कोणाकडे व कसें, हें या मुलांस ठाऊक नव्हतें. तें त्यांस शिकविलें सिस्टर रोझाली रांद्यू यांनीं. मूफ्तार रस्त्याच्या आसपासच्या अत्यंत दरिद्री वस्तींत ही कन्यका १८०२ सालापासून राबत होती. तिनें त्यांस कुटुंबांची यादी दिली, आपल्याकडील पावाच्या चिठ्या दिल्या, आणि रोग्यापाशीं कसें बसावें, गरिबाची अब्रू कशी राखावी, उपदेश केव्हां गिळावा, हें समजावून सांगितलें. संस्थेच्या जन्मकथेंत या बाईंचें नांव पुष्कळदां तळटीपेंत जातें. आमच्या मतें तें मथळ्यांत असावयास पाहिजे. आमच्या कॉन्फरन्सचें घरोघर जाण्याचें काम आज बहुतेक स्त्रियाच करतात हें पाहतां तर अधिकच. मूळ संस्था पुरुषांचीच होती. स्त्रियांची निराळी संस्था १८५६ सालीं इटलींतील बोलोन्या येथें निघाली, व दोहोंचें ऐक्य व्हावयास १९६७ साल उजाडावें लागलें!

फ्रेडरिककडे जें पहिलें कुटुंब आलें, त्यांत एक स्त्री, तिचीं पांच मुलें आणि दारुडा नवरा होता. बाई राबून जें मिळवी तें तो पिऊन टाकी व वर मारहाण करी. नुसत्या पावाच्या चिठीनें येथें काय होणार? फ्रेडरिकनें आपल्या कायद्याच्या ज्ञानानें चौकशी केली तेव्हां असें दिसून आलें कीं, या दोघांचा कायदेशीर विवाहच झालेला नव्हता. त्यानें सरकारी वकिलाकडे खटपट करून त्या बाईची सुटका करविली. मित्रांनीं वर्गणी जमवून तिला लहान मुलांसह ब्रिटनी प्रांतीं तिच्या आईकडे पाठविलें, आणि दोन मोठ्या मुलांस बेली यांच्या छापखान्यांत कामास लावलें. दारांत उभें राहून चिठी देणाऱ्यास हें कधींहि कळलें नसतें. त्यासाठीं आंत जाऊन बसावें लागतें.

येथें आम्हांस थोडें स्पष्ट बोलणें भाग आहे. आमच्याकडे हल्लीं बहुधा गरीबच कचेरींत येतात, रांगेंत उभे राहतात, पिशवी घेतात आणि खालीं मान घालून जातात. नाताळच्या आदल्या आठवड्यांत तर ही रांग फाटकापर्यंत लागते. वाटप नीट होतें, हिशेबहि चोख असतो. परंतु ओझानाम आणि त्याचे सोबती यांनीं जी संस्था काढली ती वाटपासाठीं नव्हे, भेटीसाठीं काढली होती. भाकर हें आंत जाण्याचें निमित्त होतें. दोघांनीं मिळून जावें, बसावें, ऐकावें, पुन्हां जावें, आणि सभेंत परत येऊन त्या घराची हकीकत सांगावी, असा तो क्रम होता. सभेच्या अखेरीस थैली फिरे, व कोणीं किती टाकलें हें कोणास कळत नसे. आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमचे बहुतेक सभासद पन्नाशी उलटलेले आहेत. गुडघे दुखतात म्हणून वरच्या मजल्यांचीं घरें हळूहळू यादींतून गळूं लागलीं आहेत. ज्यांचे गुडघे दुखत नाहींत ते मुलगे व मुली सभेस येत नाहींत. असो.

संस्था झपाट्यानें वाढली. १८३४ च्या अखेरीस सभासद इतके झाले कीं एका खोलींत मावेनात. मंडळीचे भाग पाडावेत असें ओझानामनें सुचविलें, तेव्हां जिवलग मित्रांची ताटातूट होणार म्हणून जुन्या सभासदांनीं कडाडून विरोध केला. पण अखेर भाग पडले, आणि म्हणूनच ती पॅरिसच्या बाहेर जाऊं शकली. १८५३ सालीं फ्लॉरेन्स येथें दिलेल्या भाषणांत ओझानाम यांनीं सांगितलेल्या आंकड्यांप्रमाणें, एकट्या पॅरिसांत २,००० सभासद ५,००० कुटुंबांच्या भेटीस जात, व फ्रान्सभर ५०० कॉन्फरन्सेस होत्या. एवढें होऊनहि ते संस्थेचे मुख्य अध्यक्ष कधींच झाले नाहींत, आणि संस्थापक म्हणून एकट्याचें नांव त्यांनीं कधीं पुढें केलें नाहीं.

त्यांचा संसार व अध्यापन यांविषयीं थोडक्यांत सांगतों. १८३९ सालीं महाकवि दान्ते याजवर प्रबंध लिहून ते वाङ्मयाचे डॉक्टर झाले. १८४० सालीं स्पर्धा परीक्षेंत पहिले आले. १८४४ सालीं सॉर्बोन विद्यापीठांत परदेशी वाङ्मयाचे प्राध्यापक झाले. ता. २३ जून १८४१ रोजीं त्यांचा आमेली सुलाक्र्वा हिच्याशीं विवाह झाला. पुढें आयुष्यभर दर महिन्याच्या २३ तारखेस ते पत्नीस फुलें देत. १८४५ सालीं त्यांस मारी नांवाची कन्या झाली.

केवळ पाव वांटून दारिद्र्य जाईल असें त्यांस वाटत होतें, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. लिओं हें रेशीम विणणाऱ्यांचें शहर. तेथें १८३१ सालीं मजुरीच्या प्रश्नावरून विणकरांनीं उठाव केला होता. त्याच शहरीं व्यापारी कायदा शिकवितांना ओझानाम यांनीं प्रतिपादन केलें कीं, मजुरी इतकी असावी कीं तींत मजुराचा निर्वाह, मुलांचें शिक्षण आणि म्हातारपणाची तरतूद या सर्वांचा समावेश व्हावा. पोप तेरावे लिओ यांचें कामगारांविषयींचें प्रसिद्ध परिपत्रक १८९१ सालीं निघालें. हीं व्याख्यानें त्याच्या पन्नास वर्षें आधींचीं आहेत. १८४८ च्या क्रांतींत ते मजुरांच्या बाजूनें वर्तमानपत्रांत लिहीत, व त्यामुळें कित्येक सुखवस्तु कॅथलिकांचा रोष त्यांनीं ओढवून घेतला. निवडणुकीस उभे राहिले व पडले. त्याच वर्षीं जून महिन्यांत पॅरिसच्या रस्त्यांत रक्तपात सुरू झाला, तेव्हां त्यांनीं दोन मित्रांसह आर्चबिशप आफ्र यांजकडे जाऊन मध्यस्थीची विनंति केली. आर्चबिशप मोर्च्यांपर्यंत गेले, तेथें त्यांस गोळी लागली, आणि ता. २७ जून रोजीं ते वारले. या घटनेचें दुःख ओझानाम यांस जन्मभर राहिलें असल्यास नवल नाहीं.

एका नववर्षदिनाची गोष्ट सांगतात. ओझानाम यांच्या ओळखीच्या एका गरीब कुटुंबानें घरांतील एकुलतें एक चांगलें कपाट गहाण टाकलें होतें. तें सोडवून आणावें असें त्यांच्या मनांत आलें, पण पत्नीनें व्यावहारिक अडचणी दाखविल्यावर त्यांनीं तो विचार सोडला. सायंकाळीं मुलीच्या भेटींचा व खाऊचा ढीग समोर पाहून त्यांस चैन पडेना. तेव्हां पत्नीच म्हणाली कीं आतां जावेंच. ते उठले, कपाट सोडविलें आणि त्या घरीं पोंचतें करून आनंदानें परतले.

मूत्रपिंडाच्या विकारानें त्यांचें शरीर खंगत गेलें. १८५२ सालीं विद्यार्थी व्याख्यानासाठीं खोळंबले आहेत असें ऐकून ते अंथरुणांतून उठून गेले. तें त्यांचें शेवटचें व्याख्यान. हवापालटासाठीं इटलींत असतांहि त्यांनीं तेथील शहरांतून कॉन्फरन्सेस काढण्याची खटपट सोडली नाहीं. स्वदेशीं परततांना मार्सेय बंदरांत उतरले, आणि ज्या सणानिमित्त वांद्र्यास मोतमाउलीची जत्रा भरते, त्या पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या सायंकाळीं, ता. ८ सप्टेंबर १८५३ रोजीं, त्यांनीं देह ठेविला. वय अवघें चाळीस. सिस्टर रोझाली यांचें निधन १८५६ सालीं झालें, आणि २००३ सालीं त्यांसहि धन्यवादित म्हणून घोषित करण्यांत आलें. आमेलीबाई १८९४ पर्यंत हयात होत्या.

ओझानाम यांच्या मध्यस्थीनें झालेला म्हणून जो चमत्कार मान्य झाला, तो १९२६ सालीं ब्राझील देशांत घटसर्पानें मरणोन्मुख झालेल्या दीड वर्षांच्या एका मुलाविषयींचा आहे. त्यांची समाधि पॅरिसच्या कॅथलिक विद्यापीठालगतच्या देवालयाच्या तळघरांत आहे. विद्यार्थिदशेंत ते सोबत्यांसह पॅरिसच्या आर्चबिशपांकडे अर्ज घेऊन गेले होते कीं, नोत्र-दाम महामंदिरांत तरुणांस समजतील अशीं प्रवचनें व्हावींत. १८३५ सालीं तीं सुरू झालीं. त्याच महामंदिरांत, जगांतील तरुणांच्या मेळाव्यासाठीं आलेले पोप दुसरे जॉन पॉल यांनीं ता. २२ ऑगस्ट १९९७ रोजीं त्यांस धन्यवादित म्हणून घोषित केलें.