पंडित म्हाइंभटांचे शांतचित्त

शांत पुरुष म्हटला की अल्पभाषी, जनांपासून दूर, एकांतात रमलेला साधक सामान्यतः डोळ्यांपुढे येतो. लीळाचरित्रकार म्हाइंभटांची शांती या जातीची नव्हती. ती माणसांत वावरून, विचारून आणि ऐकून सिद्ध झालेली होती. आणि पूर्ववयात ज्या पुरुषाला वाद हेच भूषण वाटत होते त्याच्या ठिकाणी ती उत्पन्न झाली, हा तिचा विशेष होय.

म्हाइंभट हे गोदातीरीच्या सराळे ग्रामीचे. शास्त्रज्ञ, तर्कपटू आणि वादात कोणास हार न जाणारे अशी त्यांची ख्याती होती. विद्येच्या गर्वाने ते दिवसाढवळ्या दिवट्या पाजळवून आणि पायी गवताचा तोडर बांधून हिंडत, असे परंपरेने सांगितले जाते. जग अंधारात आहे आणि प्रतिपक्षी तृणवत आहेत, असा त्या थाटाचा अर्थ. अशा मनुष्याशी कोणाचे सख्य जुळावे? त्याला भेटणारा प्रत्येक जण एकतर जिंकलेला असतो, नाहीतर जिंकावयाचा असतो. सुहृद म्हणून कोणी उरतच नाही.

याच आवेशात ते डोमेग्रामी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या दर्शनास आले. तेथे त्यांची शास्त्रे कमी पडली हे खरेच. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. वादात हरलेला पंडित बहुधा मनात वैर घेऊन परततो व पुढील प्रसंगाची वाट पाहतो. म्हाइंभटांचे तसे झाले नाही. सर्वज्ञांनी त्यांची बुद्धी हिरावून घेतली नाही, तिच्यावर चढलेली अहंता तेवढी दाखवून दिली. त्यामुळे प्रश्न विचारण्याची त्यांची सवय पुढेही कायम राहिली. फक्त पूर्वी जो प्रश्न समोरच्याला पाडण्यासाठी होता तो आता जाणून घेण्यासाठी झाला. शमाचा अर्थ बुद्धी मंदावणे असा जे करतात त्यांनी म्हाइंभटांचे उत्तरचरित्र अवश्य अभ्यासावे.

इ.स. १२७४ च्या सुमारास सर्वज्ञांनी उत्तरापंथे बिजे केले. मागे राहिलेला परिवार विरहाने व्याकूळ झाला. आचार्य श्रीनागदेव ऊर्फ भटोबास परिवारासह रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले, आणि म्हाइंभटही तेथेच आले. सर्वज्ञांच्या लीळा लिहून ठेवण्याचे कार्य तेथे सुरू झाले. रिद्धपुरातील वाजेश्वरीच्या स्थानी भटोबासांनी लीळा सांगाव्या आणि म्हाइंभटांनी त्या लिहून घ्याव्या, असा क्रम स्मृतिस्थळावरून कळतो. लीळाचरित्राची रचना इ.स. १२७८ च्या सुमारास झाली, असे सामान्यतः मानतात.

हे कार्य पांडित्याच्या बळावर होण्यासारखे नव्हते. म्हाइंभटांना स्वतःला सन्निधानाचा लाभ इतर कित्येक भक्तांच्या मानाने थोडा. जे त्यांनी पाहिले नव्हते ते पाहणाऱ्यांकडूनच मिळावयाचे होते, आणि पाहणाऱ्यांत शास्त्र न शिकलेले साधे भक्त होते, स्त्रिया होत्या, ठिकठिकाणी विखुरलेले वासनिक होते. दुःखाने भरलेल्या मनुष्याकडून आठवण काढून घेणे हे नाजूक काम आहे. ऐकणारा घाई करू लागला, मध्येच दुरुस्त करू लागला किंवा आपल्या ज्ञानाने त्याला संकोचवू लागला, की बोलणारा मिटतो. मिटलेल्या तोंडातील लीळा त्याच्याबरोबरच जाते. म्हाइंभटांपुढे लोक बोलले. हजारांहून अधिक लीळांचा ग्रंथ हीच त्याची साक्ष आहे. दिवट्या पाजळणाऱ्या म्हाइंभटांपुढे त्यांतील कितीजणांनी तोंड उघडले असते?

एकच प्रसंग दोघांनी दोन प्रकारे सांगितला तर काय करावे, हाही प्रश्न होताच. लीळाचरित्रात काही ठिकाणी अशा भिन्न आठवणी ज्याच्या त्याच्या नावानिशी नोंदलेल्या आढळतात. त्यांतील बऱ्याच नोंदी पुढील पाठकारांच्या असतील. परंतु एकाला खोटे न पाडता दुसऱ्याचेही ऐकून घेण्याची ही रीत या ग्रंथाच्या प्रकृतीतच आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. निर्णयाची वेळ आली तेथे म्हाइंभटांनी भटोबासांचा शब्द मानला. भटोबासांचा आग्रह संस्कृताचा नसून मराठीचा होता. शास्त्रार्थात निष्णात असलेल्या पंडिताने तो मनापासून स्वीकारावा, यात त्यांचा पालट सर्वांत स्पष्ट दिसतो.

ग्रंथातील आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यात भक्तांचे रुसवेफुगवे आहेत, परस्परांविषयीचे विकल्प आहेत, सर्वज्ञांची अहर्निश सेवा करणाऱ्या बाइसांचा तापटपणाही आहे. हे सारे म्हाइंभटांनी झाकले नाही, आणि लिहिताना त्यात आपला राग किंवा उपहासही मिसळला नाही. बाइसांचा तापटपणा वाचूनही त्यांच्याविषयीचा आदर उणावत नाही, उलट वाढतो. तेच माप म्हाइंभटांनी स्वतःला लावले. सराळेकर म्हाइंभटांचा गर्व आणि त्याचे हरण हेही त्या ग्रंथात इतरांच्या प्रसंगांप्रमाणेच, तृतीयपुरुषी, सवलत न घेता आले आहे. पुढे त्यांनी श्रीगोविंदप्रभूंचे चरित्रही याच वृत्तीने लिहिले.

इ.स. १३०२ च्या सुमारास भटोबासांचा देहान्त झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, यवनांच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली. तेव्हा हिराइसा आणि अन्य अनुयायांनी आपल्या स्मरणातून तिचे पाठ पुन्हा सिद्ध केले. जे पूर्वी म्हाइंभटांनी अनेकांच्या मुखातून ऐकून कागदावर उतरविले होते, ते आता कागदावरून नाहीसे झाल्यावर पुन्हा अनेकांच्या मुखातून गोळा झाले. आणि आज वाचली जाणारी लीळाचरित्राची पोथी या दुसऱ्या स्मरणाचीच आहे.