पानाने घडविलेला वास्तुशिल्पी

विसाव्या वर्षांनंतर ज्यांनी साम्राज्याची राजधानी थक्क केली, त्या जोसेफ पॅक्स्टन यांनी वास्तुकलेचे रीतसर शिक्षण कधी घेतलेच नव्हते. १८०३ मध्ये इंग्लंडमधील एका शेतकरी कुटुंबात जन्मलेले पॅक्स्टन १८२६ मध्ये डर्वेंट नदीकाठच्या चॅट्सवर्थ येथे सरदाराच्या बागेचे मुख्य माळी झाले.

तेथे १८४९ मध्ये त्यांनी ॲमेझॉन खोऱ्यातील महाकाय कमळ फुलविले. त्याच्या पानावर त्यांनी आपल्या लहानग्या मुलीला उभे केले. पान बुडाले नाही. पानाखालील फासळ्यांसारख्या शिरांचे जाळे भार पेलते, हे त्यांनी हेरले. लंडनच्या हाइड पार्कमधील १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी स्पर्धेतील २४५ आराखडे नाकारले गेले आणि पॅक्स्टन यांचा लोखंड व काचेचा 'क्रिस्टल पॅलेस' उभा राहिला. उद्यानातील उंच एल्म वृक्षही त्याच्या छताखाली सामावले.

१८६५ मध्ये पॅक्स्टन यांचे निधन झाले. पुढे सिडनहॅमला हलविलेला तो महाल १९३६ मध्ये आगीत भस्मसात झाला. ग्लासगोत केल्विन नदीकाठी त्यांनी आखलेले केल्विनग्रोव्ह उद्यान मात्र आजही सर्वांसाठी खुले आहे.