जानकी अम्माळ : बागेतून अरण्याकडे



डॉ. ई. के. जानकी अम्माळ यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी केरळातील तेल्लिचेरी येथे झाला. त्या काळी मुलींना लग्नाखेरीज दुसरी वाट नसे. यांनी मात्र वनस्पतिशास्त्र निवडले, जन्मभर अविवाहित राहिल्या आणि १९३१ साली अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. नंतर कोइम्बतूरच्या ऊस पैदास केंद्रात त्यांनी उसाचा मक्याशीसुद्धा संकर करून पाहिला!

१९४० ते १९५१ त्या इंग्लंडमध्ये होत्या. गुणसूत्रे मोजणे हे त्यांचे मुख्य काम. लागवडीतील हजारो वनस्पतींच्या गुणसूत्रसंख्या नोंदवणारा ग्रंथ त्यांनी डार्लिंग्टन यांच्यासह १९४५ साली प्रसिद्ध केला. पुढे विस्ली येथील प्रसिद्ध उद्यानात त्यांनी मॅग्नोलियाच्या कोवळ्या रोपांवर कोल्चिसीन हे द्रव्य वापरले. त्यामुळे पेशीतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते. पाने जाड होतात, फुले मोठी व टपोरी येतात. मॅग्नोलियाच्या एका वाणाला तर त्यांचेच नाव आहे.

१९५१ साली पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून त्या परतल्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची घडी नव्याने बसवायची होती. देशभर हिंडताना शिलाँगपासून ३७ मैलांवर त्या मॅग्नोलियाचाच एक वृक्ष पाहायला गेल्या. त्या भागात त्या जातीचा तेवढा एकच वृक्ष उरला होता. पोहोचल्या तर तो जाळलेला! विलायतेच्या बागेत मॅग्नोलिया जिवापाड जपली जात होती, आणि ती जिथली मूळची त्या डोंगरांवर ही दशा. बागेत रोप वाचते हे खरे, पण त्याचे रान वाचत नाही. प्रयोगशाळेत रमलेल्या या बाई पुढे अरण्यांसाठी बोलू लागल्या, याचे मला फार अप्रूप वाटते. १९५५ साली मानवाने पृथ्वीचे रूप कसे बदलले यावर प्रिन्स्टन येथे परिषद झाली, तिच्या निमंत्रितांत त्या एकट्याच स्त्री होत्या.

केरळातील सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर वीजप्रकल्पासाठी धरण होणार होते. पावसाळी अरण्य बुडाले असते. ऐंशी ओलांडलेल्या जानकी अम्माळ विरोधकांत सामील झाल्या आणि तेथील वृक्षांच्या गुणसूत्रांची पाहणी हाती घेतली. शस्त्र तेच, जुने!

७ फेब्रुवारी १९८४ रोजी चेन्नईजवळील मदुरवॉयल येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान घोषित झाली.

— मुख्याध्यापक