अर्थशास्त्रज्ञाच्या कपाटातला बंदीचा माल

अर्थशास्त्राचा जनक म्हणून ज्याचे नाव शाळेच्या पुस्तकापासून अर्थसंकल्पाच्या चर्चेपर्यंत सगळीकडे घेतले जाते, तो ॲडम स्मिथ आयुष्याची शेवटची बारा वर्षे कस्टम्समध्ये नोकरीला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आयातीवरच्या जाचक बंधनांविरुद्ध ज्याने जगातला सर्वांत गाजलेला ग्रंथ लिहिला, त्यानेच ती बंधने राबवण्याच्या खुर्चीवर बसावे, ही नियतीची थट्टाच म्हणायची. पण त्याने ती कशी निभावली, हे पाहण्यासारखे आहे.

जकात तशी त्याच्या घरातच होती. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या कर्कॉल्डी या लहानशा बंदरात त्याचे वडील जकातीचे कंट्रोलर होते. १७२३ साली ॲडमचा जन्म झाला, तेव्हा वडील हयात नव्हते. आई मार्गारेटने मुलाला एकटीने वाढवले. मुलगा चौदाव्या वर्षी ग्लासगो विद्यापीठात गेला, तिथून ऑक्सफर्डला आणि पुढे ग्लासगोतच प्राध्यापक झाला. लग्न त्याने केले नाही. आई जिथे असेल ते त्याचे घर.

१७७६ साली ‘द वेल्थ ऑफ नेशन्स’ प्रसिद्ध झाला. त्यात जकातीबद्दल त्याने जे मांडले, ते कोणत्याही व्यवहारी माणसाला पटेल असे आहे. जकात भरमसाट वाढवली, की तिजोरीत भर पडण्याऐवजी माल चोरवाटांनी येऊ लागतो. सरकारचे उत्पन्न बुडते आणि एरवी सरळमार्गी असलेला माणूस गुन्हेगार ठरतो. चोरटा माल घ्यायला कोणी नकार दिला, तर शेजारीपाजारी त्याच्या सचोटीचे कौतुक करत नाहीत, उलट त्यालाच ढोंगी समजतात, हेही त्याने नोंदवले होते. फॉरेनच्या घड्याळांचे आणि टेरिलिनच्या कापडाचे दिवस पाहिलेल्या आपल्या पिढीला हे समजावून सांगायला नको!

आणि १७७८ च्या जानेवारीत या गृहस्थांची नेमणूक झाली, ती स्कॉटलंडच्या कस्टम्सचे आयुक्त म्हणून. पगार वर्षाला ६०० पौंड. बक्लूच्या ड्यूकला पूर्वी शिकवल्याबद्दल ३०० पौंडांचे निवृत्तिवेतन मिळत होते. आता नोकरी लागली, म्हणून स्मिथने ते परत करू पाहिले. ड्यूकने ऐकले नाही.

कामावर रुजू होऊन आठवडा झाला असेल. स्मिथने बंदी असलेल्या मालाची यादी काढून नीट वाचली. यादी लांबलचक होती. त्या काळी ब्रिटनमध्ये कित्येक परदेशी वस्तू आणायलाच नव्हे, वापरायलाही मनाई होती. आपल्या हिंदुस्थानातले रेशमी आणि छापील सुती कापड अंगावर घालायला तिथे १७०० च्या कायद्यानेच बंदी आली होती. यादी वाचून झाल्यावर स्मिथने स्वतःचे कपाट उघडले. बघतो तो काय, गळपट्टे, बाह्यांच्या झालरी, हातरुमाल, बंदीत न बसणारी वस्तू शोधूनच काढावी लागावी!

त्याने ते सगळे जाळून टाकले.

दोन वर्षांनी विल्यम ईडन या राजकारणी मित्राला त्याने ही हकिगत पत्राने कळवली आणि जाता जाता बजावले, की तू मात्र स्वतःचे किंवा पत्नीचे कपाट तपासायला जाऊ नकोस, नसती अडचण व्हायची. पण त्याच पत्रात त्याने गंभीर सल्लाही दिला. सरसकट बंदी उठवा आणि तिच्या जागी बेताची जकात लावा. बंदीने माल थांबत नाही, फक्त त्यावर सरकारला मिळणारे उत्पन्न थांबते.

इथे मला स्मिथ मोठा वाटतो. कायदा चुकीचा आहे, हे त्याच्याइतके कोणालाच कळत नव्हते. पण म्हणून त्याने स्वतःपुरती पळवाट काढली नाही. आधी रुमाल जाळले आणि मग कायदा बदलायला सांगितले.

नोकरीही त्याने मन लावून केली. एडिंबरोच्या कचेरीत तो नियमित बैठकांना जाई. व्यापाऱ्यांचे अर्ज, नेमणुका, जप्त माल, तस्करांवर सैनिक पाठवणे, सगळे त्याच्यापुढे येई. विसरभोळेपणाचे किस्से मात्र तिथेही घडत. एकदा कागदावर सही करताना त्याने स्वतःच्या नावाऐवजी आधीच्या सहीचीच हुबेहूब नक्कल केली, असे सांगतात.

१७८४ साली पंतप्रधान पिटने चहावरचा शेकडा ११९ च्या आसपास गेलेला कर साडेबारावर आणला, आणि चहाच्या तस्करीचा कणाच मोडला. स्मिथ जे सांगत होता, ते खरे ठरले. त्याच वर्षी त्याची आई गेली. १७ जुलै १७९० रोजी तोही गेला. जाण्याआधी काही दिवस त्याने आपली बहुतेक हस्तलिखिते मित्रांकरवी जाळून घेतली.

बँकेत आयातीची कागदपत्रे पाहताना मला त्याची आठवण येई. परदेशी पैसे गेले, तर माल खरोखर आला याचा पुरावा म्हणून बिल ऑफ एंट्री पाहायची, हा आमचा नियम. माल कोणता, किती आणि केवढ्याचा, हे त्यात आयातदारानेच खरेखरे लिहायचे असते. २०११ पासून तर भारतात शुल्काची आकारणीही त्याने स्वतःच करून द्यायची असते. कस्टम्सचा अधिकारी पेट्या उघडून तपासेलच असे नाही. शेवटी सगळा डोलारा उभा आहे तो लिहिणाऱ्याच्या खरेपणावर. दर जास्त वाटला, तर भांडायला संसद आहे, न्यायालय आहे, वर्तमानपत्र आहे. पण कागदावर खोटे लिहिणे हे भांडण नव्हे. यादी हातात आल्यावर दुसऱ्याच्या गोदामाआधी आपले कपाट उघडावे, एवढे तरी या आयुक्ताकडून शिकता येईल.