टेस्लाची होडी आणि आमची गाडी

मागच्या गॅदरिंगच्या आधी आम्ही होस्टेलच्या गच्चीवर रिमोटच्या गाड्यांसाठी ट्रॅक बनवला. कडेला विटा, वळणावर सायकलची जुनी ट्यूब, चढाला प्लायचा तुकडा. पहिल्याच शर्यतीत माझी गाडी भलतीकडे वळली आणि विटांवर आपटली. पुढचा ॲक्सल गेला! रूम-पार्टनरने मुद्दाम केलं असं वाटून मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. मग कळलं, दोन्ही रिमोट 27 मेगाहर्ट्झचे. त्याचं बटण माझीही गाडी वळवत होतं. या घोळाचं उत्तर शोधता शोधता लायब्ररीत निकोला टेस्ला भेटला.

टेस्लाचा जन्म 1856 सालचा, आजच्या क्रोएशियातल्या स्मिलयान गावचा. वडील धर्मगुरू; मुलानेही तेच व्हावं ही त्यांची इच्छा. याला मात्र इंजिनिअरिंगच करायचं होतं. ग्राझच्या पॉलिटेक्निकात पहिलं वर्ष झकास गेलं, पुढे जुगाराचा नाद लागला आणि डिग्री राहिली ती राहिलीच. 1884 मध्ये तो न्यूयॉर्कला गेला, काही महिने एडिसनच्या कंपनीत राबला. 1888 मध्ये त्याला ए.सी. मोटरची पेटंट मिळाली आणि वेस्टिंगहाउसने त्यांचे हक्क घेतले. आपल्या मशीन्सच्या लॅबमधली इंडक्शन मोटर ती हीच. मार्च 1895 मध्ये त्याची प्रयोगशाळा जळून खाक झाली. गडी पुन्हा उभा राहिला.

1898 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने पाण्याच्या टाकीत एक छोटी होडी सोडली. आत बॅटरी, मोटर, सुकाणू आणि धातूचे कण भरलेली नळी. रेडिओ लहर आली की कणांतून वीज वाहायची, सुकाणू वळायचं. मग नळी उलटून कण पुन्हा मोकळे करायचे. ना तार, ना दोरी! बघणाऱ्यांना जादूच वाटली. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला पेटंट मिळालं, पण अमेरिकी नौदलाने फारसा रस दाखवला नाही.

आमचाच प्रश्न त्यालाही पडला होता: दुसऱ्याच कुणाच्या लहरीने यंत्र चाललं तर? त्याचा तोडगा असा, की दोन वेगळ्या फ्रीक्वेन्सी एकदम आल्या तरच यंत्र हलावं. म्हणजे आपलं अँड गेटच की! 1900 मध्ये अर्ज केला, 1903 मध्ये पेटंट मिळालं.

एवढं करून पैसा मात्र टिकला नाही. 7 जानेवारी 1943 रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत तो एकटाच वारला. 1960 मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या एककाला त्याचं नाव दिलं गेलं. आपण पेपरात नुसतं ‘टी’ लिहून मोकळे होतो.

हे सगळं वाचून मी पार्टनरला सॉरी म्हटलं. त्याने रिमोटसकट गाडी बदलून 40 मेगाहर्ट्झची आणली. ट्रॅक पुन्हा मांडला. या खेपेला मी सरळ हरलो, पण भांडायला कारण उरलं नव्हतं.